आखातीला वाचलेला कागद

कुरडयांचा चीक अजून निम्मा पातेल्यात होता. गच्चीवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर जेमतेम चार ओळी पडल्या होत्या, ऊन वर यायला लागलं होतं आणि सोऱ्या दाबून दाबून ज्योत्स्नाबाईंचे तळहात लाल झाले होते. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून कलाबाई पातेलं गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीशी धरून बसली होती. तेवढ्यात जिन्यावर धाड धाड आवाज सुरू झाला. कोणीतरी लोखंडी कपाट एकेक पायरी आपटत वर चढवतंय असं वाटावं.

"आला माझा नवरदेव," कलाबाई मान वर न करता म्हणाली.

तिचा नवरा बहिरू गच्चीच्या दारात येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर, अंगात बंडी, डोक्याला टोपी, आणि पायांत नवे कोरे, घोट्याच्या वर येणारे काळे बूट. पाय असे जपून उचलत होता, जसं काही खाली काचा पसरल्यात.

"ताई, ह्ये काय जमायचं नाय. पाय आत कोंडून मेला माझा."

"अरे, बोलताना काही वेळकाळ?" ज्योत्स्नाबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. "वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो. पाय आखडला म्हणावं."

"बरं, आखडला. आखडून मेला."

कलाबाईनं तोंडाला पदर लावला. "त्यांचं काय ऐकता ताई. शेतात काटा बोचला का म्हणायचं, शेरातल्या लोकांचं बरं, बूट आसत्यात. आता बूट बोचतोय तं काटा बरा."

"मंग तूच घाल आन जा हिमालयात."

"मी गेले तं परत यायची नाय बरं. तिथंच राहीन. भांडी घासायला नगं, काय नगं."

ज्योत्स्नाबाईंना हसू आलं, पण त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्यांच्या घरात असं कोणी बोलत नसे. डबीतलं कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. दिवा विझत नसे, शांत होत असे. कोणी बाहेर निघालं तर 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं. हे वळण त्यांना आईनं लावलं होतं आणि लग्न होऊन सासरी आल्यावर सासूबाईंनी ते पक्कं केलं होतं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, वळण राहिलं.

बहिरूनं गंगापूर रोडच्या या घराचा पाया खणला होता. सन एकोणनव्वद साली ज्योत्स्नाबाईंच्या यजमानांनी, ज्ञानेशरावांनी, बँकेचं कर्ज काढून बंगला बांधायला घेतला, तेव्हा मजूर म्हणून जी माणसं आली त्यांत हे जोडपं होतं. पेठच्या रस्त्याला सावळघाट ओलांडून करंजाळीच्या पुढे त्यांचा पाडा. उतारावर थोडी जमीन, तिच्यात भात आणि नागली. पावसाळा तिकडे काढायचा, दसरा झाला की कामाला नाशकात उतरायचं, कधी द्राक्षाच्या बागेत, कधी बांधकामावर. एकुलती मुलगी सुरगाण्याकडे दिलेली. बंगला बांधून झाला, बाकीची माणसं दुसऱ्या कामावर गेली, आणि हे दोघं मागच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. त्यानं बाग आणि राखण बघायची, तिनं धुणंभांडी. पाऊस पडला की चार महिने गावी. असं नऊ वर्षं चाललं होतं.

बहिरू बागेत काम करायचा तेव्हा झाडांशी बोलायचा. जास्वंदीला "बाय" म्हणायचा, आणि तगरीला फुलं आली नाहीत तर "काय गं, रुसली का सासरला?" असं विचारायचा. देवाला फुलं रोज तोच काढून आणून देई. मोजून एकवीस जास्वंदी मंगळवारी, आणि त्यातली एकही देठ नसलेली नसे. ज्योत्स्नाबाईंनी कधी सांगितलं नव्हतं, त्यानं बघून घेतलं होतं. स्वतःचा देव त्याचा वेगळा. मार्गशीर्षात तो डोंगऱ्यादेवाच्या व्रताला बसायला गावी जाई. त्या दिवसांत स्वतःच्या हातानं शिजवून एकदा जेवायचा, आणि परत आला की पंधरा दिवस त्याच्या आवाजात काहीतरी निराळंच असे, जरा खोल गेल्यासारखं.

ज्ञानेशरावांना डोंगराचं वेड होतं. दर रविवारी चार मित्र मिळून निघायचे, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी. त्यात एस.टी.त कंट्रोलर असलेले धोंडीराम सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत बोलके. एकदा अंजनेरीला पाणी वाहायला म्हणून बहिरूला बरोबर नेलं आणि धुक्यात वाट चुकली. चौघांनी चार दिशा दाखवल्या. बहिरूनं खाली बसून गवत चाचपलं आणि म्हणाला, "गुरं इकडून गेल्यात, चला." तेव्हापासून बहिरूशिवाय कोणी डोंगर चढलं नाही.

आणि मग अठ्ठ्याण्णव साली चौघांनी ठरवलं, पन्नाशीच्या आत एकदा हिमालय बघायचा. दिल्लीच्या एका संस्थेतर्फे हिमाचलात दहा दिवसांचा ट्रेक, चौदा हजार फुटांवरची एक खिंड ओलांडायची. ज्ञानेशराव म्हणाले, बहिरू येणार असेल तर मी येतो. पाचवं नाव त्याचं गेलं.

"तिथं बर्फ असतो रे बहिरू," धोंडीराम अंगणात खुर्ची टाकून सांगत होते.

"म्हंजे रसवंतीवाला गोणपाटात ठेवतो तसा?"

"तसाच. पण डोंगरभर."

"आन कोनी नेत नाय?"

"कोण नेणार? आणि किती नेणार?"

बहिरूनं कुदळ बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सगळ्या डोंगरांचा थोरला तिकडं हाय म्हणा ना. मंग त्याला नारळ द्यायला पायजे. आमच्या पाड्यावरनं कोनी दिला नसंल."

त्या दिवसापासून हे त्याचं ठरलं. बाकीचे खिंड ओलांडायला जाणार होते, बहिरू नारळ फोडायला.

तयारी दोन महिने चालली. दुकानातला एकही बूट त्याला झाला नाही. आयुष्यभर अनवाणी चाललेले पाय, बोटं पंख्यासारखी फाकलेली. शेवटी भद्रकालीतल्या एका चांभाराकडून कागदावर पाय आखून बूट करून घेतले. पहाटे पाठीवर दहा दहा किलो गव्हाची सॅक घेऊन मंडळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायची. ज्ञानेशराव निम्म्यात बसायचे, धोंडीराम पहिल्या वळणावरच. बहिरू दोघांच्या सॅका दोन खांद्यांना अडकवून वर जाऊन यायचा आणि बूट त्याच्या गळ्यात लोंबत असायचे.

"अरे, पायात घाल! सवय व्हायला पाहिजे."

"साहेब, गळ्यात बी सवय व्हत्ये. वजन तेवढंच हाय."

ज्योत्स्नाबाईंनी त्याला राखाडी लोकरीची माकडटोपी विणून दिली. मेतकूट केलं, भाजणी केली, डिंकाचे लाडू वळले. कलाबाईनं नागलीचे पापड भाजून त्यांचा चुरा डब्यात भरला. डॉक्टरांकडे पाचही जणांची तपासणी झाली. धोंडीरामांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली, ज्ञानेशरावांना वजन कमी करायला सांगितलं. बहिरूच्या छातीला नळी लावून डॉक्टर ऐकत राहिले आणि हसले. म्हणाले, "याला काही लिहून देण्यासारखं नाही. तुम्ही चौघं फक्त याच्या मागे राहा."

कागद आला तो अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखातीच्या, आदल्या दिवशी. पाच पानं, सगळी हिंदीत. जाणाऱ्यानं आणि घरच्या एका माणसानं वाचून सह्या करायच्या आणि लगेच पाठवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत कामाला जाताना ज्ञानेशराव म्हणाले, "ज्योत्स्ना, त्या दोघांना सगळं नीट वाचून दाखव, मग अंगठे घे. दुपारी माणूस पाठवतो न्यायला."

पूजा झाली होती. दाराला आंब्याची पानं, देवापुढे समई, पाटावर आमरस-पुरीचा नैवेद्य झाकून ठेवलेला. देवघराजवळच उजेड चांगला म्हणून ज्योत्स्नाबाई तिथंच पाटावर बसल्या आणि समोर जमिनीवर ते दोघं. त्या हिंदी वाचून मराठीत सांगू लागल्या. बरोबर काय न्यायचं, काय न्यायचं नाही, दारू नाही, विडी नाही.

"विडी नाय?" बहिरू चपापला.

"नाही म्हणजे नाही."

"तरी मी सांगत व्हते," कलाबाई म्हणाली. "सरकारच सांगतंय आता."

सातव्या कलमाशी ज्योत्स्नाबाई आल्या. त्यात लिहिलं होतं की दहा हजार फुटांच्या वर हवा विरळ होते. डोकं दुखणं, मळमळ, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, यातलं काही झालं तर ताबडतोब कॅम्पच्या प्रमुखाला सांगावं आणि खाली उतरावं. धडधाकट माणसालाही हे होतं. लपवून वर चढत राहिल्यास काही तासांत मृत्यू येऊ शकतो.

त्यांनी वाचलं, "डोकं दुखलं, खोकला आला, दम लागला, तर लगेच सांगायचं," आणि त्या थांबल्या.

"आन नाय सांगितलं तं?" कलाबाईनं विचारलं.

तिनं सरळच विचारलं होतं. ती नेहमी असंच विचारायची. ज्योत्स्नाबाईंची नजर ओळीवरच होती. साडेतीन मुहूर्तातला दिवस, समोर देव, पंधरा दिवसांनी प्रवासाला निघायचं असलेला माणूस समोर मांडी घालून बसलेला, आणि त्याची बायको शेजारी. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलाच नाही.

"नाही सांगितलं तर रागावतील," त्या म्हणाल्या.

"हात्तिच्या!" बहिरू हसला. "राग तं धोंडीरामभाऊ रोजच करत्यात."

पुढच्या पानावर प्रेताविषयी दोन ओळी होत्या. ज्योत्स्नाबाईंनी ते पान उलटलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं सह्यांचंच आहे." दोघांनी अंगठे उठवले. बहिरूनं शाई डोक्याच्या केसांना पुसली. मग त्यांनी दोघांना आमरस-पुरी वाढली आणि बहिरूनं सहा पुऱ्या खाल्ल्या.

निघायच्या दिवशी नाशिकरोड स्टेशनवर कलाबाई आली होती. तिनं ओव्याची पुरचुंडी त्याच्या खिशात घातली, म्हणाली, डोकं दुखलं तं हुंगा. ज्योत्स्नाबाईंनी सगळ्यांच्या कपाळाला अंगारा लावला. बहिरूच्या सॅकमध्ये अगदी वर, टॉवेलात गुंडाळलेला नारळ होता. गाडी हलली तसा तो दारातून ओरडला, "जातो गं!" आणि ज्योत्स्नाबाई पटकन म्हणाल्या, "येतो म्हण!" गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्या रोज सकाळी नेहमीपेक्षा एक माळ जास्त जपायच्या. कलाबाई अंगण झाडताना विचारायची, "आज कुठवर गेले असत्याल?" आणि ज्योत्स्नाबाई फ्रीजवर लावलेला कार्यक्रमाचा कागद बघून सांगायच्या.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. ज्ञानेशरावांचा आवाज लांबून, तुटक येत होता. "ज्योत्स्ना, बहिरू गेला गं." तिकडून ते सांगत राहिले, पहाटे खाली आणत होतो, वाटेतच, छातीत पाणी झालं, डॉक्टर म्हणतो. मग फोन बंद पडला.

कलाबाई मोरीत भांडी घासत होती. ज्योत्स्नाबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कलाबाई, बहिरूला जरा जास्त झालंय. दवाखान्यात नेलंय." कलाबाईनं हातातली कढई खाली ठेवली. राखेनं भरलेले हात तसेच धरून तिनं त्यांच्याकडं बघितलं.

"ताई, हाय का नाय, तेवढंच सांगा."

ज्योत्स्नाबाईंनी मान हलवली. तोंडानं तेव्हाही त्यांना सांगता आलं नाही.

अग्नी तिकडेच नदीकाठी दिला. पाच दिवसांनी चौघं परत आले, मातीच्या बोळक्यात अस्थी घेऊन. ज्ञानेशराव म्हणाले, रामकुंडावर विधी करू, सगळं मी बघतो. कलाबाई नको म्हणाली. तिनं बोळकं साडीच्या पदरात बांधलं आणि ती एस.टी.नं पाड्यावर घेऊन गेली. जाताना तिनं मागच्या खोलीची किल्ली ज्योत्स्नाबाईंच्या हातात दिली. "पाऊस तोंडावर आलाय," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी धोंडीराम आले. ज्ञानेशराव घरात नव्हते. धोंडीराम पायरीवरच बसले आणि पाणी दिलं तर पेला तसाच हातात धरून राहिले.

"वहिनी, मला झोप नाही," ते म्हणाले. "आदल्या दिवशी तो माझ्याबरोबर होता. माझी सॅक घेतली होती त्यानं. ढास लागली होती त्याला, कोरडी. मी म्हटलं, बहिरू, कॅम्पवाल्याला सांगू का? तर म्हणाला, नका सांगू, खाली पाठवतील. उद्या खिंडीत नारळ फोडतो, मग सांगू. मी म्हटलं, अरे, सांगायचं असं कागदात लिहिलंय म्हणतात ना? तर हसला. म्हणाला, ताईंनी वाचून दाखवलाय मला कागद. नाय सांगितलं तर रागावत्यात, तेवढंच हाय. उतरताना खाऊ त्यांच्या शिव्या."

ज्योत्स्नाबाईंनी चौकटीला हात टेकला.

"मला कळायला हवं होतं," धोंडीराम म्हणाले. "पण खरं सांगू? मी तो कागद वाचलाच नव्हता. पाच पानं कोण वाचतंय? सही ठोकली. तिथला डॉक्टर म्हणाला, आदल्या संध्याकाळी खाली आणला असता तर काही झालं नसतं. चार तासांची उतरण होती वहिनी. चार तासांची."

ते रडले. ज्योत्स्नाबाईंनी त्यांना काय सांगायला हवं होतं ते त्यांना समोर दिसत होतं, आणि त्या म्हणाल्या, "त्याचं आयुष्यच तेवढं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." सगळे तेच म्हणत होते. दोष कोणालाच कोणी देत नव्हतं. ज्ञानेशरावांनी डोंगर सोडला, सॅक माळ्यावर टाकली, रविवारी पेपर तोंडासमोर धरून बसायला लागले. त्यांनाही ज्योत्स्नाबाईंनी काही सांगितलं नाही.

पाऊस सुरू झाला. बागेत गवत माजलं. फुलं आता त्या स्वतः काढायच्या, हाताला येतील तेवढी. पूजेला बसल्या की मन लागत नसे. समईकडे बघितलं की तो पाट, ती दोघं, आणि कलाबाईचा तो सरळ प्रश्न. देवाच्या धाकानं आपण तो शब्द गिळला, असं त्या आधी स्वतःला समजावत. पण देवानं कधी म्हटलं होतं, खरं सांगू नकोस म्हणून? चातुर्मासात त्यांनी एकवेळचं जेवण धरलं. उपासानं अंग हलकं झालं, हे ओझं काही हललं नाही. कपाटात त्या कागदाची झेरॉक्स होती. एका दुपारी त्यांनी ती काढून सातवं कलम मोठ्यानं वाचलं. घरात कोणी नव्हतं. त्या शब्दाला त्यांचा आवाज बसला, मग पुन्हा वाचला.

पितृपक्षात ज्ञानेशरावांनी गच्चीवर वडिलांचं पान ठेवलं आणि शेजारी एक जादा पान मांडलं. म्हणाले, "बहिरूचं." ज्योत्स्नाबाईंना ते पान वाढता येईना. हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झेरॉक्स पिशवीत घातली, ज्ञानेशरावांना म्हणाल्या, "कलाबाईला भेटून येते," आणि पेठ नाक्यावरून एस.टी. पकडली.

पाड्यावर त्या नऊ वर्षांत कधी गेल्या नव्हत्या. बसमधून उतरल्यावर अर्धा तास चिखलातून चालावं लागलं. नागली पोटरीत आली होती. कलाबाई ओटीवर बसून उडीद निवडत होती, उठली, घोंगडी टाकली, पाणी दिलं. वाळली होती. म्हणाली, "एवढ्या चिखलात कशापायी आल्या ताई? निरोप धाडला असता तं मीच आले असते."

ज्योत्स्नाबाई पाणी प्यायल्या नाहीत. त्यांनी कागद काढला.

"तू त्या दिवशी विचारलंस ना, नाही सांगितलं तर काय? मी खोटं सांगितलं. रागावतील असं कागदात कुठंच नव्हतं."

कलाबाईचे हात सुपात थांबले. "मंग काय व्हतं?"

"ते मला…"

"वाचा."

ज्योत्स्नाबाईंनी वाचलं. एकही शब्द त्यांनी गाळला नाही. धडधाकट माणसालाही हे होतं. लपवून वर चढत राहिल्यास काही तासांत मृत्यू येऊ शकतो.

"परत वाचा," कलाबाई म्हणाली.

त्यांनी परत वाचलं. पलीकडच्या घरात कोणीतरी कांडत होतं, तो आवाज तेवढा चालू होता.

"म्हंजे त्येला ठावंच नव्हतं," कलाबाई हळू म्हणाली. "मी आपली सगळ्यांना सांगत व्हते, माझा माणूस भ्याला नाय. डोंगरावर मरण व्हतं तरी भ्याला नाय. त्येला ठावं नव्हतं तं भिईल कशाला?"

"आखातीचा दिवस होता गं. देवापुढे बसून तसलं तोंडातून काढवेना. मला वाटलं, बोललं की…"

"आखातीला आमच्यात मेलेल्यांची नावं घेऊन पान वाढत्यात ताई." तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी मरणाचं नाव घ्यायला आमी भितो का? तुमचा देव भितो, तं मला बाहेर अंगणात बोलवायचं. दोन पावलं तं व्हती."

ज्योत्स्नाबाई वाकल्या, कलाबाईच्या पायाला हात लावायला, तर तिनं पाय मागे घेतले.

"तसं नका करू. त्यानं काय व्हनार हाय."

ती पुन्हा उडदातले खडे वेचायला लागली. पाच-सहा खडे निघाले, ते तिनं अंगणात फेकले. "सांगितलं असतं तरी गेला असता का काय, कोन जाणे," ती म्हणाली. "नारळाचं लय धरून बसला व्हता. पन सांगायला पायजे व्हतं." आणि मग पुन्हा, "सांगायला पायजे व्हतं ताई."

"हो."

"साहेबाला सांगितलं?"

"नाही अजून."

"सांगा."

कलाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. तिकडच्या पंचायतीनं दिलेला मृत्यूचा दाखला. "पेठच्या कचेरीत हा चालत नाय म्हणत्यात. हिंदीत हाय. मराठीत लिहून त्याखाली सही करून आणा, मंग सातबाऱ्यावर माझं नाव लागंल. तलाठी म्हणतो, शिकलेलं माणूस आण."

"मी लिहून देते. मी येते."

"मंग सगळं लिवा. जे हाय ते. आन मला वाचून दाखवा पहिलं, मंग त्याला द्या." ती थांबली. "दसऱ्यानंतर मी नाशकाला यायची नाय. तुमी दुसरी बाई बघा."

ज्योत्स्नाबाईंनी दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीत ठेवला. कलाबाई त्यांना सोडायला पाड्याच्या कडेपर्यंत आली, पुढे आली नाही.

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा न टाकता ज्ञानेशरावांना समोर बसवून सगळं सांगितलं. ते ऐकत होते, मध्येच उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. ज्योत्स्नाबाईंनी दाखला टेबलावर उघडला आणि वरून पहिल्या ओळीपासून मराठीत लिहायला घेतला. सोमवारी सकाळी सहाच्या एस.टी.नं पेठला जायचं होतं, तहसील कचेरीत, बहिरूच्या मृत्यूच्या दाखल्याचं भाषांतर द्यायला.